खलापासून ओठापर्यंत

फार जुन्या काळी, दोन डोंगरांच्या मधल्या एका गावात केरोबा नावाचा वैद्य राहायचा. त्याच्या हाताला गुण होता. तापाने फणफणलेलं माणूस त्याच्या पडवीत आणून टेकवलं, की घरच्यांचा अर्धा घोर तिथेच कमी व्हायचा.

केरोबाच्या घराण्यात एक नियम होता. औषध खलात पडल्यापासून रोग्याच्या ओठाला लागेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. बोललं की औषधाचा गुण उडतो, असं त्याच्या आज्याने बापाला सांगितलं होतं आणि बापाने त्याला. गावही ते मानायचं. खल वाजू लागला की रडणारं लेकरू आई पदराखाली घ्यायची.

केरोबाची मोठी बहीण गोदाक्का लवकर विधवा होऊन भावाकडे आली होती. मुळ्या वाळवणं, निवडणं तिच्याकडे असायचं.

तापाच्या औषधात बचनाग नावाची मुळी लागायची. कच्चा बचनाग म्हणजे निव्वळ विष. तीन दिवस गोमूत्रात ठेवून उन्हात वाळवला, की तो औषधात घ्यायचा. अंगणात दोन सुपं असायची. तुळशीकडच्या सुपात शुद्ध केलेला, गोठ्याकडच्या सुपात कच्चा. वाळल्यावर दोन्ही सारखेच काळपट दिसायचे. सूप कुठे आहे, एवढीच खूण.

एके सकाळी सटवाजी कुंभार बायकोला पाठीवर घेऊन आला.

"केरोबा, हिचा ताप परवापासून उतरंना बघा."

"आमच्या भट्टीला आता लाकडं नकोत," बायको क्षीण आवाजात म्हणाली. "मडकी माझ्याच अंगावर भाजा म्हणावं ह्यांना."

केरोबा हसला. अंगणात गेला, तुळशीकडच्या सुपातून मुळी उचलली आणि खलायला बसला. तेवढ्यात गोदाक्का उंबऱ्यात आली. तिने एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा खलाकडे. काही सांगायला तिने तोंड उघडलं. केरोबाने डोळे वटारले. अक्काने तोंडावर पदर दाबला आणि ती तिथेच उभी राहिली.

औषध पोटात गेलं. थोड्या वेळाने कुंभारीण म्हणाली, "ओठाला मुंग्या आल्यात." मग तिचे हात गार पडले. केरोबाने तूप पाजलं, तळपाय चोळले, येत होतं ते सगळं केलं. ऊन डोक्यावर यायच्या आत ती गेली.

सटवाजीने डोळे पुसले. "तिचं एवढंच होतं. तुम्ही तरी काय करणार?" असं म्हणून तो वैद्याच्या पाया पडला.

सगळे गेल्यावर गोदाक्का बोलली. "केरू, सकाळी वासरू सुटलं होतं. मी घाईत सुपं उचलली आणि ठेवताना अदलाबदल झाली. तू कच्चा बचनाग खललास."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलू दिलं असतंस?"

केरोबाने खल उचलून पालथा घातला.

"कुंभाराला सांगायला हवं, केरू."

"सांगितलं तर उद्या माझ्या हातचं औषध कोण घेईल? औषधावाचून चार माणसं मरतील, त्याचं काय?"

ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच ते धरून बसणं त्याला सोपं गेलं.

त्या दिवसापासून त्याने कच्चा बचनाग झाकणाच्या मडक्यात घालून माळ्यावर ठेवला. अक्काला म्हणाला, "खल चालू असला तरी बोल. वेळ पडली तर माझा हात धर." आणि कोणी ऐकू नये म्हणून तो दार लावून खलू लागला. गावाला वाटलं, वैद्य नियम आणखीच कडक पाळतोय.

डोंगरापलीकडच्या गावात केरोबाचा शिष्य राघू वैद्यकी करायचा. दोन सुपं आणि तोंड मिटून खलणं, दोन्ही तो याच अंगणात शिकला होता. केरोबाची एकुलती लेक सोनाई त्याच गावात दिलेली. दरसाल जत्रेत गुरुशिष्यांची भेट व्हायची.

"गुरुजी, शिकवायचं काही राहिलंय का?" राघू विचारायचा.

सांगून टाकावं, असं केरोबाच्या ओठावर यायचं. पण राघूच्या डोळ्यांतली भक्ती पाहिली की तो म्हणायचा, "सगळं दिलंय तुला."

अशी पाच वर्षं गेली.

पाचव्या उन्हाळ्यात राघू अनवाणी आला. पडवी चढला नाही, अंगणातच उभा राहिला.

"गुरुजी, सोनाई गेली. माझ्या औषधानं गेली."

केरोबा खाली बसला.

"तिला ताप होता. माझ्या बायकोनं अंगण सारवताना सुपं हलवली होती. तिच्या ध्यानात आलं, पण तोवर माझा खल सुरू झाला होता. नियम मोडेल म्हणून ती गप्प राहिली. सोनाईच्या सासरच्यांना मी सगळं सांगितलंय. तुम्ही द्याल ती शिक्षा घेतो."

गोदाक्काला राहवलं नाही. तिने हुंदके देत कुंभारणीची सगळी हकिगत सांगितली. झाकणाचं मडकं, लावलेलं दार, सगळं.

राघू गुरूकडे वळला. "पाच वर्षं झाली याला?" तो म्हणाला. "पाच जत्रांत मी तुम्हाला विचारलं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी केरोबा सटवाजीच्या दारात गेला आणि त्याने सगळं सांगितलं. आपलं लपवणंही सांगितलं, लेकीचं मरणही. सटवाजी चाकापाशी बसला होता. ऐकता ऐकता त्याने फिरतं चाक हाताने थांबवलं.

मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी माफ केलं असतं का, ठाऊक नाही. कदाचित धोंडाच घातला असता डोक्यात. पण वैद्यबुवा, तुमची लेक आज जिवंत असती."

केरोबाने पुन्हा खल हाती घेतला नाही. डोंगरातल्या एकेका वैद्याच्या अंगणात जाऊन तो दोन मरणांची गोष्ट सांगत राहिला. काहींनी ऐकली, काहींनी हाकलून दिलं. ज्यांनी ऐकली त्यांच्या पडवीत खल वाजत असतानाही माणसं बोलू लागली. सोनाई मात्र परत आली नाही.

जो आपली चूक झाकून ठेवतो, तो तीच चूक दुसऱ्याच्या हातात ठेवून जातो.