ठकूच्या चिंध्यांचं चऱ्हाट

"अगं ठके, तुटका दोरसुद्धा सोडत नाहीस? चितेवर बरोबर नेणार काय?" हरिबा शेट्यांनी विहिरीवर सगळ्यांदेखत हिणवलं.

उचललेला तुकडा झटकत ठकू म्हणाली, "नेईन की! तुमचं नवं चऱ्हाट पेटीत, कुलपात, अन् पाणी काढता कुजक्या दोरानं. चिकट कोण, शेट?"

बाया फिदीफिदी हसल्या. शेट्यांच्या मिशा थरथरल्या.

गावोगाव फिरणारे साधू जैतोबा महाराज तेव्हा धोंडवाडीत उतरलेले. विहिरीजवळच्या उंबराखाली बसून फाटकी घोंगडी शिवत होते. महाराज म्हणाले, "हरिबा, नवं काढ. दोर पाण्यासाठीच असतो."

"भिजलं की झिजतं, महाराज!" म्हणत शेट्यांनी उरलेल्या कुजक्या दोराला तांब्याची कळशी बांधून सोडली. भरून काठाशी आली अन् दोर तट्टकन तुटला. कळशी धरायला शेटे वाकले, आणि कळशीसकट धाडकन आत!

पोहता येईना. कपारीला धरून लोंबकळत ओरडायला लागले. वर बायकोनं, गिरजाबाईनं, कपाळ बडवलं. "चऱ्हाट पेटीत, अन् किल्ली यांच्याच करगोट्याला हो!"

ठकू घराकडे पळत सुटली. लुगड्याचे काठ, गोणपाटाची सुतळी, लोकांनी फेकलेले दोर. सगळं जपून, पीळ घालून, गाठी मारून तिनं चऱ्हाट केलं होतं. तेच आणलं. भराभर सोडलं. पण अर्ध्या विहिरीतच संपलं!

"पुरत नाही हो, महाराज!"

महाराजांनी वरचं टोक धरलं. "हात सोड, बये. अशाच वेळेसाठी जपलंस ना?"

ठकूनं मन घट्ट करून हात सोडला. आणि काय सांगू! चऱ्हाट उतरतच गेलं, पार पाण्याला टेकलं! शेट्यांनी ते कमरेला गुंडाळलं. बायांनी जोर लावून त्यांना वर ओढलं. एकही गाठ सुटली नाही. वर आल्यावर बघतात, तर चऱ्हाट पुन्हा तेवढंच, अर्ध्या विहिरीचं!

निथळणारे शेटे महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज मागे सरले.

"माझ्या नको, तिच्या पाया पड. तू जपलंस कुलपासाठी. हिनं जपलं गरजेसाठी."

शेट्यांनी ठकूपुढं डोकं टेकलं. करगोट्याची किल्ली सोडून बायकोला दिली. "गिरजे, नवं चऱ्हाट आण. गावाच्या विहिरीवर राहू दे."

"अन् तो आत्ता तुटलेला तुकडा," ठकू म्हणाली, "तो मला द्या, शेट."

महाराज खदखदून हसले. घोंगडी खांद्यावर टाकली.

"चला, ऊन चढलं. आम्हाला आता निघायला हवं."