पहिल्या पानावरचे खुनी

“...मग कुणाचं नाव घालू, पंत?”

हेरंबाने तिसऱ्यांदा विचारलं. पंत आपले ओसरीवर बसून शेंगा सोलत होते.

हेरंब कॉलेजात मराठी शिकवायचा. दोन कवितासंग्रह, एक पुरस्कार. लिहायला शिकला तो मात्र पंतांकडे. आणि विष्णुपंत सबनिसांनी जन्मभर लिहिल्या त्या रहस्यकथा. आता यानेही एक लिहिली होती, चोरून. चांगली उतरली होती, हीच तर पंचाईत! मुखपृष्ठाचा कागद खिशात होता. लेखकाच्या नावाची जागा कोरी होती आणि प्रकाशकाला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

“एखादं टोपणनाव द्या. माझं नको. लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?”

“...चार शहाणी माणसं.”

पंतांना लागलं ते.  आत गेले आणि एक जुनं पुस्तक घेऊन आले. त्यांचीच कादंबरी, वाचनालयाने रद्दीत काढलेली प्रत. पुठ्ठा निखळलेला, कोपरे तेलकट.

“पहिलं पान बघ.”

कुणा खोडसाळाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘खुनी मामा आहे.’

“शी! सगळी मजाच घालवली की गाढवाने!” हेरंब पटकन बोलून गेला.

“खाली वाच.”

खाली वेगळं अक्षर: ‘खोटं. डॉक्टर.’ त्याखाली तिसरं: ‘छे, स्वयंपाकीणबाई.’ मग माळी, वकील, धाकटी सून... पानभर नावं. कुणीतरी कुत्र्यालाही सोडलं नव्हतं. एकोणीस ओळी, एकोणीस हस्ताक्षरं.

“पंत, हे...”

“पुढच्याची मजा जाऊ नये म्हणून. पुढचा कोण, ते कुणाला ठाऊक? एकमेकांना ओळखतही नव्हती रे ही माणसं.” पंतांनी पानावरून बोट फिरवलं. “मला पुरस्कार नाही मिळाला कधी. हे पान मिळालं.”

हेरंबाने सगळी नावं पुन्हा वरून खाली वाचली. 

“यातला खरा कोण?”

पंत शेंगा सोलत राहिले.

काय करणार बिचारा! पान उलटलं. चहा आला, निवला. जेवायची हाक आली; “आलोच” म्हणाला आणि हलला नाही. उन्हं उतरली तेव्हा शेवटचं पान संपलं. त्या चार शहाण्यांची दिवसभरात एकदाही आठवण झाली नव्हती.

त्याने पुस्तक मिटलं... मग पुन्हा पहिलं पान उघडलं आणि खिसे चाचपायला लागला.

पंतांनी कानावरची पेन्सिल काढून दिली.

हेरंबाने तळाशी, एकोणीस नावांच्या खाली, आणखी एक नाव लिहिलं.

पंतांनी चष्मा लावून वाचलं. डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

“शाबास! खोटं लिहिलंस.” त्यांनी पेन्सिल परत त्याच्या हातात दिली. “आता खिशातला तो कागद काढ. तिथे खरं लिही.”