आंब्याची रोषणाई

झाडं नाताळचे दिवे स्वतःच निवडत, तेव्हाची ही गोष्ट. वसईतल्या एका आंब्याला शेजारच्या चिंचेपेक्षा जास्त झगमगायचं होतं. साध्या पिवळ्या माळा नाकारून त्याने लाल-निळ्या, उघडझाप करणाऱ्या माळा फांदीफांदीला गुंडाळून घेतल्या.

ढोलीतलं घुबड म्हणालं, "आंबेदादा, या लखलखाटात मला उंदीर दिसत नाहीत. ढोलीपुरती तरी माळ काढा."

"तुला सौंदर्याची जाणच नाही," आंबा म्हणाला.

घुबड चिंचेवर राहायला गेलं. दोनच दिवसांत उंदरांनी आंब्यावरच्या सगळ्या वायरी कुरतडल्या. नाताळच्या संध्याकाळी चिंच आपल्या एकुलत्या पिवळ्या माळेत उजळली.

अंधारात उभा असलेला आंबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "आमची निवड उत्तमच होती हो! हल्लीची घुबडंच बेजबाबदार."