लोहाराची मान आणि मूठभर बिया

एके काळी, फार फार पूर्वी, डोंगरउतारावर कॉफीच्या झुडपांनी वेढलेलं एक गाव होतं. त्या गावात एक लोहार राहायचा. हात मोठे, मन मोठं आणि आवाज तर सगळ्यांत मोठा. ऐरणीवर घण घालून घालून त्याचे कान जवळजवळ गेले होते, पण हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणी काही बोललं, की तो मान डोलवायचा.

त्यामुळे कुणी विळा सांगावा आणि त्यानं खुरपं घडवावं, असं नेहमी व्हायचं. पण खुरपंही असं सुरेख, की लोक मुकाट्यानं तेच घेऊन जायचे. लोहाराची अब्रू शाबूत राहायची.

त्याची बायको रोज सकाळी छोट्या कढईत मूठभर कॉफीच्या बिया भाजायची. ती कॉफी पोटात गेल्याशिवाय लोहाराचा भाता हलत नसे.

एका वर्षी लोहारीण तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. पेज नको, दूध नको. वैद्यानं नुसती मान हलवली आणि ते मात्र लोहाराला न ऐकताच समजलं.

एके सकाळी तिनं खुंटीवरच्या कढईकडे बोट दाखवलं. क्षीण आवाजात म्हणाली, "तेवढी कॉफी घ्यावीशी वाटतेय. आच मंद ठेवा. हात थांबवू नका. आणि बिया तडतडायला लागल्या, की लगेच उतरवा."

लोहारानं मान डोलवली.

डब्यात तीनच मुठी बिया होत्या. नवं पीक दोन महिने लांब होतं आणि गावातले डबेही रिकामे झाले होते.

पहिली मूठ त्यानं कढईत घालून सरळ भट्टीवर धरली आणि भाता ओढला. त्याला आग म्हणजे तीच ठाऊक! बिया वरून काळ्या झाल्या, फोडून पाहिल्या तर आत कच्च्या. त्या त्यानं गुपचूप परड्यात पुरल्या.

दुसऱ्या खेपेला त्यानं स्वयंपाकघरातली शेगडी पेटवली. हिरव्या बिया पिवळ्या झाल्या, मग तांबूस. मग त्या तडतडल्या. आढ्यावरच्या पालीला ऐकू आलं, लोहाराला नाही. तो आपला हलवतच राहिला. बियांचा कोळसा झाला.

जळका वास आतल्या खोलीत गेला. लोहारणीनं डोळे मिटून घेतले.

लोहारानं ते दारातून पाहिलं. शेवटची मूठ घेऊन तो तिच्या उशाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. "अगं, मला ऐकू येत नाही. तू काय सांगितलंस, ते मला कळलंच नव्हतं!"

ती हसली. "बारा वर्षं ठाऊक आहे मला. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते."

लोहाराची मान सवयीनं डोलायला लागली. अर्ध्यावरच तो थांबला. त्यानं तिच्या ओठांशी कान नेला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. मग शेगडी तिच्या खाटेजवळ आली. तो उजव्या हातानं बिया हलवू लागला, आणि त्याच्या डाव्या मनगटावर तिनं आपली बोटं ठेवली.

एक बी तडतडली. तिनं मनगट दाबलं. थोड्या वेळानं दुसरी. मग बोटं भराभर दाबू लागली आणि लोहारानं कढई झटकन उतरवली.

बिया सुपात पाखडल्या, फोलपटं उडाली. खलबत्त्यात कुटून, गूळ घालून कॉफी उकळली. लोहारणीनं एक घोट घेतला. मग दुसरा. वाटी खाली ठेवून ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" लोहारानं विचारलं.

"म्हटलं, थोडी पेज आहे का?"

नवं पीक येईपर्यंत लोहारीण हिंडूफिरू लागली. रोजच्या भाजणीला दोघं शेगडीपाशी बसायचे, ती कान देऊन आणि तो मनगट देऊन. गावात मात्र एक बदल झाला. विळा मागितला, की विळाच मिळू लागला, कारण लोहार आता चारचौघांत खुशाल विचारायचा, "जरा मोठ्यानं सांगा हो!"

तात्पर्य: ऐकू न येण्यात कमीपणा नाही, न ऐकता मान डोलवण्यात आहे.