ज्यानं बांधलं, त्यानं सोडावं

“…आणि ती गाठ कोणती, हे मात्र स्वामींनी सांगितलं नाही. म्हणून एवढी पायपीट करून तुमच्याकडे आलो. सांगा बाबा, माझी कोणती गाठ राहिली?”

चिलमीतली राख काडीने उकरत बद्रूशा फकीर चिंचेखाली बसला होता, तसाच बसून राहिला.

धुंडिराजशास्त्र्याला वाट बघायची सवय नव्हती. लोक त्याची वाट बघत. पुढच्या महिन्यात तो संन्यास घेणार होता आणि लगोलग मठाच्या गादीवर बसणार होता. शेंडी जायची होती, जानवं जायचं होतं, घर तर केव्हाच भावकीला देऊन टाकलं होतं. सगळं जुळून आलं होतं.

आणि ऐन वेळी म्हातारे स्वामी म्हणाले होते, “एक गाठ राहिली तुझी. तकियातल्या फकिराकडे जा. तो सुटली म्हणाला, की ये.”

शास्त्री दुखावला होता. आपल्यासारख्या माणसाची पारख करायला चिलीम ओढणारा फकीर! पण गादी हवी होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. शास्त्र्याला अक्कल होती, त्याने ती तेवढ्यापुरती गुंडाळून ठेवली आणि तो आला.

आल्यापासून त्याने पडवीकडे पाठ केली होती.

पडवीत वेडे बांधलेले असत. या तकियाची, म्हणजे फकिराच्या या ठाण्याची, रीत सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. डोकं फिरलेल्या माणसाला इथे आणायचं. आणणाऱ्याने त्याला आपल्या हाताने खांबाला बांधायचं, आणि बरं वाटलं की आपणच येऊन सोडायचं. दुसऱ्या कोणी त्या गाठीला बोट लावायचं नाही. फकिरानेसुद्धा नाही.

माणूस टाकून जाणाऱ्याला परत यावंच लागावं, म्हणून कोण्या शहाण्याने ही रीत घातली असावी. पण रीत काय, माणसाला लाज असेल तिथवरच चालते.

त्या पडवीत धुंडिराजशास्त्र्याचा धाकटा भाऊ होता. विसू.

शास्त्र्यानेच त्याला बांधला होता. ऐन तारुण्यात. मोठा ताप आला, उतरला, आणि जाताना विसूचं डोकं घेऊन गेला. घरात होता तोवर चाललं. पण एकदा शास्त्र्याचं व्याख्यान ऐन रंगात आलेलं असताना तो उघडानागडा सभेत आला आणि भावाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. लोक हसले.

त्याच आठवड्यात शास्त्री त्याला इथे घेऊन आला. खांबाशी बसवलं, पाय बांधला आणि म्हणाला, “हलू नकोस हं विसू. मी आलोच.”

त्यानंतर तो आज आला होता. तोही विसूसाठी नव्हे.

“गाठ म्हंजे काय, ते ठावं हाय का शास्त्रीबुवा?” फकिराने एकदम विचारलं.

शास्त्र्याला हसू आलं. गवयाला ‘सा येतो का’ म्हणून विचारावं, तसं झालं हे. याच एका शब्दावर तो भर सभेत संध्याकाळपासून दिवे विझेपर्यंत बोलला होता. शालजोडी मिळाली होती ती त्याच दिवशी.

“कोणती गाठ म्हणता?” तो सावरून बसला. “उसाला गाठ असते, बांबूला असते. ती देवाने घातलेली. धोतराच्या सोग्याला असते, ती आपण घातलेली. जानव्याला असते ती ब्रह्मगाठ. ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते ती निरगाठ…”

“बरं.”

“दोन जीव एकत्र आले, की गाठ बांधली म्हणतो आपण. दोन माणसं वाटेत भेटली, तरी गाठच पडते. मुक्कामाला पोचलो की मुक्काम गाठला. एखाद्याला आडरानात धरलं, तरी गाठलंच म्हणायचं. जवळ चार दाणे असले तर गाठीला आहेत. भांडण काढायचं असेल तर गाठ माझ्याशी आहे! गंमत बघा बाबा, प्रेमालाही तीच आणि वैरालाही तीच.”

“हं.”

“पाडव्याला पोराच्या गळ्यात घालतो ती साखरेची गाठी. तीच गाठ गळ्याच्या आत आली, की वैद्य हात टेकतो. धडा मिळाला की मनाशी गाठ बांधावी आणि राग धरला तर मनातली गाठ सोडावी, असं सांगतात. आणि शेवटची ती हृदयातली. ती सुटली की माणूस सुटला.”

शास्त्री थांबला. इथे सभेत टाळ्या पडत.

फकिराने चिलीम दगडावर आपटली.

“आन पायातली?”

“पायातली?” शास्त्र्याने भुवया आक्रसल्या. तो खरोखरच आठवू लागला. सगळं घोकलेलं त्याने मनात उलटंपालटं केलं. “पायातली गाठ… नाही. असा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.”

फकीर त्याच्याकडे बघत राहिला. कीव आल्यासारखा बघत राहिला, आणि मग उठला.

“चला. दावतो.”

तेव्हा कुठे शास्त्र्याच्या ध्यानात आलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पडवीत ऊद आणि मूत यांचा मिळून एक वास होता. तिघेजण बांधलेले होते. एक भिंतीकडे तोंड करून उभा होता. एक बाई पदराच्या टोकाला उगाच पीळ देत होती. तिसरा खांबाला टेकून बसला होता, दाढी पिकलेली, मान खाली.

शास्त्र्याने त्याला पायावरून ओळखलं. डाव्या पायाचं धाकटं बोट विसूला जन्मापासून वाकडं होतं.

“सोडा,” फकीर म्हणाला.

“सोडतो.” शास्त्र्याने घसा साफ केला. “सोडायला माझी ना नाही. पण बाबा… पुढे तो इथेच राहू दे. मी आता संन्यासी होणार. संन्याशाला कोण भाऊ आणि कोण बहीण? मठातून दर सुगीला धान्य पोचतं करीन. कपडालत्ता बघीन. तुम्ही फक्त स्वामींना निरोप द्या, की सुटली.”

“आदी सोडा तर.”

शास्त्री खाली बसला. गुडघे कुरकुरले. विसूच्या घोट्याभोवती काळंकुट्ट कडं पडलं होतं, कातडीचंच. त्यावर काथ्याचा दोर होता आणि दोराला गाठ.

गाठ ओळखीची होती. दोन वेढे आणि शेवट आत खुपसलेला. त्यांच्या घरात पोथ्यांची बासनं अशीच बांधत. वडलांनी धुंडिराजला शिकवलं होतं, आणि त्याच्याकडे बघून विसू शिकला होता. दुसऱ्या कोणाला ही गाठ येत नसे.

त्याने नखं घातली. आणि थांबला.

दोर पिवळाधमक होता. काथ्याचे तंतू अजून कडक होते, टोचत होते.

“बाबा, हा दोर नवा आहे.”

“हाय.”

“मी बांधलेला तो हा नव्हे.”

“न्हवं.”

“म्हणजे ही गाठ माझी नाही!”

खरं सांगायचं तर शास्त्र्याला आनंद झाला. भावाच्या पायाशी बसून, त्याच्या घोट्यावरचं ते कडं बघत असताना त्याला आनंद झाला. ज्याने बांधलं त्याने सोडायचं. आपण बांधलंच नाही, तर सोडायचं ते काय? स्वामींचा प्रश्न निकालात निघाला होता. तर्कात कुठे फट नव्हती.

“मग माझी गाठ आधीच सुटली की, बाबा!”

“सुटली,” फकीर म्हणाला. “तुमी बांदलेला दोर पुढल्याच पावसाळ्यात कुजला. तुटला आपसूक. मी म्हनलं, जा बाबा घरला. रीत काय ती झाली.”

“मग?”

“ग्येला. त्या वेशीपत्तुर ग्येला.”

“मग?”

“परत आला. माज्याकडं दोर मागाय लागला.”

शास्त्र्याची बोटं गाठीवरच होती.

“म्या न्हाई दिला. चार दीस रडत व्हता. खायाना. ह्या खांबाला हातानं धरून बसायचा, रातचं बी सोडंना. मग दिला बापडा. त्यानं आपल्या हातानं बांदून घ्येतलं. तवापास्नं दोर कुजला की मागतो. मी द्येतो.”

“पण… का?”

“म्या बी इचारलं. म्हनला, अण्णानं हितं बांदलंय. अण्णा आला आन मी हितं नसलो, तर त्येला मी घावनार कसा?”

पडवीतली ती बाई पदराला पीळ देत होती. बाकी काही हलत नव्हतं.

इतका वेळ शास्त्री शब्दांवर उभा होता, आता शब्द आठवेनात. त्याला लाज वाटली. व्याख्यानात सांगत असे ती लाज नव्हे. तोंड लपवायला जागा नसते तेव्हाची लाज.

तो गाठीवर तुटून पडला. नख मुळापासून उलटलं. मग त्याने वाकून दात लावले. सोवळ्यातला माणूस, मठाचा उद्याचा धनी, वेड्याच्या मळकट पायाला तोंड लावून काथ्या चावत होता आणि त्याच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं.

शेवट निघाला. एक वेढा सैल झाला. दुसरा झाला.

गाठ सुटली.

“चल विसू,” तो म्हणाला. “चल, ऊठ.”

विसूने मान वर केली. मोकळ्या पायाकडे पाहिलं.

“अहो बुवा, काय केलंत हे?” तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला. “सोडू नका हो. अण्णा रागावेल. हलू नकोस म्हणालाय तो.”

“विसू… अरे, मीच अण्णा.”

विसूने त्याच्याकडे निरखून पाहिलं. सुटलेलं पोट पाहिलं, सुरकुतलेलं तोंड पाहिलं, पिकलेली शेंडी पाहिली. मग तो हसला. मोठ्या माणसाने चेष्टा केली की लहान मूल हसतं, तसा हसला.

“अण्णा असा नाही काही. अण्णाचे केस काळेभोर आहेत. तुम्ही म्हातारे आहात.”

“विसू, बघ ना रे माझ्याकडे. मी धुंडी. आपल्या घरचा धुंडी…”

पण विसूला वेळ नव्हता. त्याने शास्त्र्याच्या हातून दोर ओढून घेतला. घोट्याभोवती घातला, खांबाभोवती फिरवला. दोन वेढे. शेवट आत खुपसला. ओढून पाहिलं. हात इतके सराईत होते, की शास्त्र्याला ते धरताही आले नाहीत.

बांधून झाल्यावर विसूने सुस्कारा सोडला. मग शिष्टाचार आठवल्यासारखा तो थोडा सरकला, खांबाजवळची जागा हाताने झाडली.

“बसा बुवा. उन्हातून आलात. अण्णा येईलच इतक्यात.”

शास्त्र्याला बसवेना आणि उठवेना. त्याने फकिराचे पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचे तरी खरोखर धरले.

“बाबा, तुमचं ऐकतो तो. तुम्ही सांगा त्याला. एवढंच सांगा, अण्णा आलाय म्हणून!”

फकीर विसूकडे बघत होता…

“सांगतो की,” तो म्हणाला. “कशाला आलाय म्हनून सांगू?”