डोंगराचे नकार

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर माणसांशी बोलत असत. बोलत ते फार सावकाश, एक शब्द सकाळी तर दुसरा दुपारी, त्यामुळे घाईतल्या माणसांना त्यातलं काही कळत नसे. निवांत बसणाऱ्याला मात्र कळे.

अशाच एका राज्याच्या कडेला एक डोंगर होता. त्याच्या पायथ्याशी मोठं तळं होतं आणि तळ्याकाठी एक गाव. गावातली माणसं तळ्यात होड्या घालत, शिंगाडे काढत, मासे धरत. सकाळच्या धुक्यात एकमेकांना दिसत नसली, तरी हाका मारून गप्पा करत. कधी त्या हाकांना डोंगरही ओ देई. लहान मुलं म्हणत, हा प्रतिध्वनी. म्हातारी माणसं काहीच म्हणत नसत.

त्या डोंगराच्या ओढ्यात एकदा कुणाला तरी सोन्याचा कण सापडला आणि बातमी राजाच्या कानावर गेली. राजाने गुणाजीला बोलावून घेतलं.

गुणाजी हा राज्याचा सोनशोध्या. त्याचा बाप सोनशोध्या, आजाही सोनशोध्या. त्यांची रीत पिढ्यान् पिढ्या ठरलेली होती. डोंगरावर माणूस उभा राहील एवढा खड्डा खणायचा, तळची माती लाकडी काथवटीत घ्यायची आणि पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवायची. माती पाण्याबरोबर निघून जाई आणि सोनं असलंच, तर तळाशी कणभर पिवळं उरे. उरलं, की त्या खड्ड्याशी काठी रोवून तिला हळदीत बुडवलेली चिंधी बांधायची. नाही उरलं, तर दिवस मावळायच्या आत खड्डा बुजवायचा, वर पाणी शिंपडायचं आणि मागे वळून न बघता निघायचं. त्या खड्ड्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. रिकाम्या खड्ड्याची आठवण काढली तर डोंगराच्या पोटात दुखतं, असं आजा सांगायचा.

रीत तशी चांगली होती. तिच्यामुळे गुरंढोरं खड्ड्यात पडत नसत आणि सोनशोध्यांची मनंही खचत नसत. खरं सांगायचं, तर सोनशोध्याच्या नशिबी रिकामे खड्डेच फार. ते सगळे आठवत बसलं, तर दुसऱ्या दिवशी कुदळ उचलवणार नाही.

पण आजवरच्या राजांनी सोनशोध्यांना एकच विचारलं होतं, सोनं कुठे आहे? या राजाने वेगळंच विचारलं.

"गुणाजी, या डोंगरात एकूण सोनं किती आहे, ते मला सांग. थोडं असेल तर डोंगराला हात लावायचा नाही. पण पुष्कळ असेल, तर डोंगराची माती खाली आणू, पावसाने तळं भरलं की त्याचा बांध फोडू, आणि त्या पाण्यात अख्खा डोंगर धुऊन काढू. गावाला दुसरीकडे जागा देऊ."

राजा वाईट नव्हता. त्याला घाई होती, एवढंच. गुणाजीने मुजरा केला आणि कामाला लागला. 'कुठे' आणि 'किती' हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गावातली केवडा नावाची बाई त्याला रोज सकाळी होडीतून पलीकडे सोडी आणि संध्याकाळी परत आणी. तिची होडी तिच्या वडलांनी एका अखंड खोडातून कोरलेली होती. वडील गेले, होडी राहिली, आणि त्या होडीवरच केवडाचं पोट होतं. संध्याकाळी वल्हं मारता मारता ती विचारी, "काय गुणाजीबाबा, आज डोंगर काय म्हणाला?"

सोनं दिसलेलं असलं, की गुणाजी खुशीत म्हणे, "हो म्हणाला." नसलं दिसलं, की तो पाण्याकडे बघत विचारी, "यंदा शिंगाडे गोड आहेत का गं?"

त्या वर्षी शिंगाड्यांची चौकशी फार झाली. पण गुणाजीला ते आठवत नसे. रीतच तशी होती.

असा हिवाळा गेला, उन्हाळा सरत आला. गुणाजी हिशेबाला बसला. चिंधीच्या प्रत्येक खड्ड्यातून पाटीभर मातीला किती सोनं निघालं, ते त्याने बघितलं. मग तो एका चिंधीपासून दुसऱ्या चिंधीपर्यंत चालत गेला आणि त्यावरून अख्ख्या डोंगराची माती तसलीच धरली. वारा सुटला होता, हळदीच्या चिंध्या फडफडत होत्या, आणि गुणाजीला चालता चालता वाटू लागलं, की डोंगर आतून पिवळा आहे, वर नुसती मातीची साय धरली आहे. झोपेतही त्याला तेच दिसे. डोंगर हलकेच उघडायचा आणि आतला उजेड त्याच्या तोंडावर पडायचा. फार सुखाची झोप लागायची त्याला त्या दिवसांत.

"महाराज," तो दरबारात म्हणाला, "तुमच्या हत्तीच्या वजनाइतकं सोनं आहे."

राजाने खिडकीतून हत्तीकडे बघितलं. हत्ती ऊस खात होता. राजाने गुणाजीच्या डोक्यावर मानाचं पागोटं ठेवलं आणि तयारीचा हुकूम सोडला.

माती धुवायला लांब लाकडी पन्हळी हव्या होत्या. खोडातून कोरलेल्या होडीची दोन्ही टोकं कापली, की आयती पन्हळ होते. तळंच राहणार नाही तर होड्या कशाला, असं म्हणत गावकऱ्यांनी एकेक होडी दिली. केवडा मात्र गुणाजीकडे आली.

"बाबा, मला बाकीचं कळत नाही. तुम्ही रोज डोंगरावर जात होता. तुम्ही खात्रीने सांगत असाल, तर माझी होडी देते."

गुणाजीने छातीवर हात ठेवला. "आहे, केवडा. हत्तीएवढं आहे."

केवडाने होडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. करवत घेऊन तिने स्वतःच टोकं कापली. गुणाजी जवळ उभा होता. भुसा उडत होता आणि त्यालाही बरं वाटत नव्हतं, पण हत्तीएवढ्या सोन्यापुढे होडी ती काय, असं त्याने मनाला समजावलं.

पाऊस आला, मनासारखा पडला आणि ओसरला. तळं काठोकाठ भरलं. बांध फोडायचा दिवस ठरला. त्या दिवशी पहाटेच गुणाजी काठाकाठाने डोंगरावर गेला. चिंध्यांना एकदा डोळे भरून बघावं, असं त्याच्या मनात होतं.

धुकं इतकं दाट होतं, की आपले पाय आपल्याला दिसत नव्हते. तो एका चिंधीपाशी बसला. खाली तळं नव्हतं, वर आभाळ नव्हतं. आपण एका होडीत बसलो आहोत आणि होडी कुठेही न जाता डुलते आहे, असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याच्या बुडाखालून शब्द आले. फार सावकाश आले.

"गुणाजी, तू मला किती वेळा विचारलंस?"

गुणाजी घाबरला नाही. धुक्यात घाबरायलाही उशीर लागतो. "पुष्कळ वेळा," तो म्हणाला.

"मग मी काय सांगितलं?"

"हो म्हणालास. या काय चिंध्या."

चिंधीवरचं दव ठिबकून ठिबकून संपलं, तेव्हा डोंगर पुन्हा बोलला. "कधी कधी हो म्हणालो. पुष्कळदा नाही म्हणालो. हो म्हणालो तिथे तू चिंधी बांधलीस. नाही म्हणालो, तिथे माझ्याच तोंडात माती कोंबलीस."

"ती रीत आहे आमची. तुझ्या पोटात दुखू नये म्हणून."

"माझ्या पोटात कधीच दुखलं नाही," डोंगर म्हणाला. "दुखायचं ते तुमच्या."

कुठेतरी चार खडे घरंगळले. डोंगर हसला असेल, किंवा एखादी शेळी गेली असेल. गुणाजीने डोळे चोळले. धुकं वर उचललं जात होतं, आणि त्याच्यापुढे सगळा उतार हळूहळू उघडा होत होता.

उतारावर तेरडा फुलला होता. पण सगळीकडे नव्हे. न खणलेल्या टणक जमिनीवर नुसतं आखूड गवत होतं. जिथे कुदळीने माती भुसभुशीत केली होती आणि वर पाणी शिंपडलं होतं, तिथेच तेरड्याने मूळ धरलं होतं. गोल गोल गुलाबी ताटवे, वरपासून खालपर्यंत, या खांद्यावर, त्या खांद्यावर, नजर जाईल तिथे. आणि पावसाने विटलेल्या पिवळ्या चिंध्या? त्या सगळ्या ओढ्याकाठच्या एका अरुंद घळीत दाटीने उभ्या होत्या. बाकीचा डोंगर गुलाबी होता.

गुणाजीला एकेक ताटवा ओळखू येऊ लागला. हा त्या गरम दिवसाचा. हा कुदळीचा दांडा मोडला त्या दिवसाचा. शिंगाड्यांची चौकशी केली होती, ते सगळे दिवस तिथे फुलून उभे होते. त्याला फार लाज वाटली, आणि लाजेमागून केवडाची करवत आठवली. तो धावत खाली निघाला.

बांधावर राजा उभा होता. मजूर पहारी घेऊन तयार होते. गावकरी गाठोडी बांधून एका बाजूला बसले होते आणि केवडा आपल्या कापलेल्या होडीपाशी उभी होती.

"ये गुणाजी," राजा म्हणाला. "बघ, तुझा डोंगर कसा फुललाय. शकुन चांगला आहे."

गुणाजीने नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. त्या गुलाबी ताटव्यांचा अर्थ तिथे दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हता. त्याने एकदा पागोट्याला हात लावला, एकदा केवडाकडे बघितलं.

"महाराज, पहारी खाली ठेवायला सांगा," तो म्हणाला. "त्या प्रत्येक ताटव्याखाली माझा एक रिकामा खड्डा आहे. मी चिंध्या तेवढ्या धरल्या, हे सगळे सोडले."

मग राजाने विचारलं, "मग सोनं किती?"

"ओढ्याच्या घळीत थोडं आहे. शेळीच्या करडाएवढं."

गर्दीत कुणाला तरी हसू फुटलं. राजाला नाही. त्याने डोंगराकडे बघितलं, काठोकाठ भरलेल्या तळ्याकडे बघितलं. "आणि हे तू आज सांगतोस?"

"मला आजच दिसलं, महाराज. दिसायला हवं होतं खूप आधी."

राजाने त्याच्या डोक्यावरचं पागोटं काढून घेतलं. मग मजुरांना हात केला, आणि पहारी खाली आल्या. तळं वाचलं. गाव वाचलं. होड्या मात्र गेल्या होत्या.

गुणाजी उघड्या डोक्याने केवडाजवळ गेला. "मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतंत," केवडा म्हणाली. "आणि मी कापली."

ती एवढंच बोलली. राजाने पागोटं काढलं तेव्हा लागलं नव्हतं, इतकं गुणाजीला हे लागलं.

तो गावातच राहिला. त्याने एक खोड मिळवलं आणि कोरायला बसला. त्याचा हात कुदळीला सरावलेला, लाकूड त्याचं ऐकेना. पहिली होडी पाण्यात सोडल्याबरोबर बुडाली. गाव पोट धरधरून हसलं. दुसरी तरंगली, पण एका अंगाला कलून. केवडाने ती चारी बाजूंनी न्याहाळली, आत बसली, वल्हं हातात घेतलं आणि त्याला म्हणाली, "बसा."

गुणाजी आता ओढ्याच्या घळीपलीकडेही खड्डे घेऊन बघत असे, राजाने सांगितलं नव्हतं तरी. एकदा संध्याकाळी परतताना केवडाने वल्हं मारता मारता विचारलं, "काय गुणाजीबाबा, आज डोंगर काय म्हणाला?"

गुणाजीने पाण्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं. "नाही म्हणाला," तो म्हणाला.

केवडाने मान हलवली आणि कललेली होडी धुक्यातून घराकडे वळवली. तेव्हापासून त्या राज्यातले सोनशोधे रिकामा खड्डा बुजवतात, पण वर तेरड्याचं मूठभर बी टाकून, आणि निघताना मागे वळून बघतात.

लहानथोरांनो, गोष्टीचं सांगणं एवढंच: ज्याने आपल्याला मिळालेले नकार विसरून फक्त होकार मोजले, त्याचा हिशेब कितीही मोठा झाला तरी खरा होत नाही.