घोलपांच्या गाडीचं लिंबू

वस्तू तेव्हा बोलायच्या आणि माणसं तेव्हाही ऐकायची नाहीत, त्या काळची ही गोष्ट. घोलपांच्या गाडीला पुढे लिंबू-मिरची लटकायची, दर शनिवारी ताजी. चाकांतले ब्रेक पॅड मात्र गाडी घेतली तेव्हाचेच होते, झिजून पापडासारखे झालेले.

ब्रेक दाबला की उजवा पॅड किंचाळायचा, "अहो मालक, मला बदला! डाव्यालाही बदला, एकट्याला नको!" घोलप गाण्याचा आवाज वाढवायचे.

"कशाला बोंबलतोस?" लिंबू म्हणालं. "गाडी माझ्यामुळे चालते."

"चालते तुझ्यामुळे. थांबते कुणामुळे?"

पुढे घाटाच्या उतारावर दोन्ही पॅड संपले. लोखंडावर लोखंड घासलं, गाडी थांबेना, ती सरळ डोंगराच्या मातीत घुसली. लिंबाचा चेंदामेंदा झाला. घोलपांना साधं खरचटलंही नाही. खाली उतरून त्यांनी हात जोडले, "लिंबानं स्वतःवर घेतलं हो!"

बंपर ठोकून सरळ केला आणि त्याला दोन लिंबं बांधली.

"बघा आमचा पायगुण!" नवी लिंबं ऐटीत म्हणाली. "किंचाळणं बंद झालं की नाही?"

चाकांतून उत्तर आलं नाही. द्यायला तिथे कुणी उरलंच नव्हतं. घोलपांनी गाणं लावलं आणि गाडी पुन्हा घाटाकडे वळवली.